विहिरीच्या मलब्यातली आठ हातांची चांदणी: तारामाशाची नवी जात म्हणायची का?

खडूवाली (वर्धा जिल्हा)

नमस्कार मंडळी. कारंजा तालुक्यातल्या एका गावात मी सातवीला विज्ञान शिकवते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

शाळेमागच्या वावरात या उन्हाळ्यात विहीर खोदली. वर दीड-दोन फूट माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा दगड), आणि २२-२३ फुटांवर पांढरट-राखी रंगाचा एक थर लागला, जेमतेम हातभर जाडीचा. त्याखाली पुन्हा काळा पाषाण. हे विहिरीच्या मालकाने नंतर सांगितलं, खोदकाम चालू होतं तेव्हा मी माहेरी होते. सगळा मलबा धुऱ्यावर पडून होता. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर दोन पाऊस होऊन ढीग धुवून निघाला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोन पोट्टे धावत आले, एकाच्या हातात दगडाची खपली. “मॅडम, तारामासा भेटला!”

आधी मी हसले. मग खपली हातात घेतली.

तळहाताएवढी, करडी, काच फुटावी तशी फुटलेली. कडा इतक्या धारदार की पोराचं बोट कापलं होतं. तिच्यावर एक चांदणी, रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाईल एवढीच. मधोमध गोल गाभा, त्याभोवती आठ हात, सगळे सारखे. हात टोकाकडे निमुळते होत नाहीत, उलट जरा रुंदावतात. प्रत्येक हातात एक-दोन तपकिरी ठिपके. आणि सगळ्या चांदणीभोवती अंगठीसारखी एक बारीक रेघ.

त्याच ढिगात अजून तीन वस्तू सापडल्या. एक चांदणी अर्धवट, एक पुसट. तिसरी चांदणी नाहीच, सुपारी उभी चिरल्यासारखा लांबट ठसा आहे, तो आम्ही वेगळ्या डबीत ठेवलाय. शिवाय बारीक शंख बरेच, मुगाएवढ्यापासून बोराएवढे.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. गावातल्या एका वार्ताहराने फोटो मागितला, मी दिला. दोन दिवसांनी छापून आलं, ‘सहा कोटी वर्षांपूर्वीचा तारामासा, जगातील नवी प्रजाती’. ‘नवी’ हा शब्द माझ्या तोंडून निघालाही नव्हता. मुलांनी फळ्यावर गमतीने एक नाव लिहिलं होतं, ‘ॲस्टेरियास’ आणि पुढे गावाच्या नावाला ‘एन्सिस’ जोडून. तेही फोटोत आलं आणि छापलं गेलं. आता सरपंच विचारतात शाळेसमोर बोर्ड लावायचा का. परवा दोन मोटारसायकली भरून लोक ढीग पाहायला आले आणि एकाने हातोडा आणला होता. म्हणून गावाचं नाव नको.

पुस्तकात तारामासा कंटकचर्मी संघात येतो, पाच हात, नलिकापाद (नळीसारखे बारीक पाय), जलवाहिनी संस्था (अंगात पाणी खेळवणाऱ्या नळ्या). एवढ्या माहितीवर दगडातली जात कशी ठरवायची? जीवाश्म तारामाशाची जात ओळखतात तरी कशावरून? इंटरनेटवर मोरोक्कोतल्या जुन्या तारामाशांचे फोटो पाहिले, त्यातला एक मला आमच्यासारखा वाटला, पण आता मला सगळंच आमच्यासारखं वाटायला लागलंय. आणि ते छापून आलेलं नाव? ते आता खरंच ‘लागलं’ का?

गंमत म्हणून सांगते, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना खपली दाखवली तर म्हणाल्या, “हे तं भेंडी चिरल्यावानी दिसते.” सगळा वर्ग हसला. मीही.

गज्या क्रेनवाला

बाई, मी १८ वर्सांपासून क्रेनवर विहिरी खोदून रायलो. आर्वी, आष्टी, कारंजा, सारा पट्टा पाह्यला. तुमी म्हणता तशा चांदण्या मांजऱ्यात लय निंगते. मांजऱ्या फोडला का अंदर पोकळी असते, तिच्यात पांढऱ्या सुया, एका जागून सारीकडं पसरलेल्या, सायकलच्या आऱ्यावानी. पह्यले आमी फेकून देत होतो. मंग बाहेरचे लोक येऊन पैशे देऊन नेऊ लागले. त्याले ते झिओलाइट म्हणते. तं माह्या अंदाजानं तुमची चांदणी तेच असन.

पण एक गोष्ट जमत नाही. तुमी म्हणता पांढऱ्या थरातली हाय. त्या थरात सुया मी कधी नाही पाह्यल्या. त्याच्यात लाकडाचे तुकडे भेटते, दगड झालेले. एक डाव खोडाचा हातभर तुकडा भेटला होता, मजुराइनं चुल्ह्याले टेका केला त्याचा. तो थर लय खराब, ड्रिलची बिट खाऊन टाकते.

आन बोर्डाचं राहू द्या, मलब्याचं पाहा. पाऊस उघडला का विहिरीचा मलबा पांदण रस्त्यावर टाकते, सारीकडं हेच होते. ट्रॅक्टर लागला का मंग सापडलं तेवढंच तुमचं.

कातळवाचक (नागपूर)

बाई, नागपुरात ३१ वर्षं पोरांना दगड दाखवण्यात गेली, त्यामुळे थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

आधी तारामाशाचं सांगतो, कारण तुम्ही तेच विचारलंय आणि तो प्रश्न चांगला आहे. हात किती, यावरून जात ठरत नाही. पाच हात बहुतेकांना असतात, पण सोलास्टर वंशातल्या सूर्यताऱ्यांना आठ, दहा, बारा असे हात असतात. तेव्हा आठ हात हा मुद्दा तुमच्या विरोधात जात नाही, बाजूनेही जात नाही.

तारामाशाचं शरीर म्हणजे शेकडो लहान लहान पट्टिकांची गोधडी. या पट्टिका कॅल्साइटच्या, म्हणजे चुन्याच्या खनिजाच्या. आतून स्पंजासारख्या जाळीदार, तरी प्रत्येक पट्टिका म्हणजे एकच अखंड स्फटिक. त्यामुळे जीवाश्मातली पट्टिका तुटली की तुटलेली बाजू सपाट होते आणि उन्हात धरली की आरशासारखी चमकते. शेतकऱ्याला बी पाहून कापसाचं वाण कळतं ना, तसं जाणकाराला या पट्टिका पाहून जात कळते. हाताच्या कडेने दोन रांगा असतात, एक वरच्या अंगाला, एक खालच्या. त्या पट्टिकांचा आकार, संख्या, त्यांच्यावर काटे बसण्याच्या खळग्यांची मांडणी, दोन रांगा एकमेकींवर नेमक्या बसतात की सरकलेल्या, हे सगळं मोजून लिहितात. खालून तोंडापासून प्रत्येक हाताच्या टोकापर्यंत एक चर जाते, नलिकापाद तिच्यातच असतात. त्या चरेचं छप्पर झालेल्या पट्टिका, चरेच्या काठावरच्या पट्टिका आणि तोंडाभोवतीच्या जबड्यासारख्या पट्टिका, यांच्यावर तर अख्ख्या कुळांची विभागणी उभी आहे. वरच्या बाजूला, मध्यापासून जरा सरकून, चाळणीसारखी एक गोल पट्टिका असते, पाणी आत घेण्यासाठी. दोन मापं हमखास लिहितात. मध्यापासून हाताच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि मध्यापासून दोन हातांमधल्या खाचेपर्यंतचं अंतर. त्यांचं गुणोत्तर सांगितलं की हात बारीक लांब आहेत की अंग पंचकोनी बिस्किटासारखं, ते न पाहता कळतं.

इंग्लंडच्या खडूच्या डोंगरांत तर अख्खे तारामासे क्वचित सापडतात. सापडतात त्या सुट्या पट्टिका, आणि नुसत्या कडेच्या पट्टिकांवरून तिथे जाती ठरवल्या गेल्या आहेत. (होय, फळ्यावरचा खडू ज्या दगडावरून नाव घेतो तोच. तुमच्या टोपणनावाला शोभेल.)

तुम्ही मोरोक्कोचं म्हणालात. तिथल्या फेझुआटा खडकांतून कँटाब्रिजिॲस्टर फेझुआटाएन्सिस नावाचा जीव २०२१ मध्ये वर्णिला गेला. वय सुमारे ४८ कोटी वर्षं, तारामाशासारख्या प्राण्यांत सगळ्यात जुन्यांपैकी. पहिल्या नावात केंब्रिजचं लॅटिन नाव, दुसऱ्यात फेझुआटा, आणि त्याला जोडून तुमच्या पोरांनी लावलं तेच ‘एन्सिस’, म्हणजे ‘त्या जागचा’. आता गंमत पाहा. आजच्या तारामाशाची ओळख म्हणून मी वर जी चर सांगितली, ती त्याला नाहीच. म्हणजे ‘चांदणीसारखा दिसतो’ एवढ्यावर कोणी थांबलं असतं तर त्या जीवाचं सगळ्यात महत्त्वाचं वैशिष्ट्य हातातून गेलं असतं.

छापून आलेल्या नावाची काळजी करू नका. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे नव्या नावासोबत ती जात इतरांपासून वेगळी कशी, हे सांगणारं वर्णन लागतं. एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा आधारनमुना, म्हणून नेमून द्यावा लागतो, तो कुठल्या संग्रहात ठेवलाय किंवा ठेवणार आहे तेही लिहावं लागतं. वर्णनाशिवाय छापलेल्या नावाला नोमेन न्यूडम म्हणतात, सरळ मराठीत नागडं नाव. त्याला किंमत शून्य. शिवाय ॲस्टेरियास हा वंश लिनियसने १७५८ मध्ये नोंदवलेला आणि त्याचे तारामासे आजही समुद्रात आहेत. त्यात आपला दगड घालायचा तर त्यांच्या पट्टिकांशी तुलना करून दाखवावी लागेल. तुमच्या वर्णनात पट्टिका हा शब्द एकदाही आलेला नाही. भिंग लावून पाहा, कदाचित नजरेतून सुटल्या असतील. पण चांदणीभोवतीची ती अंगठी मला सकाळपासून टोचते आहे. तारामाशाभोवती अशी रेघ कशाला असेल?

आता तीन कामं सांगतो.

खपलीचा एखादा बिनकामाचा तुकडा, चांदणी नसलेला, बाजूला घ्या आणि त्यावर शाळेच्या प्रयोगपेटीतलं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबभर टाका. फसफसलं तर चुना. नाही फसफसलं तर बहुधा सिलिका, म्हणजे गारगोटीचा पदार्थ. यात एक मेख आहे. चुन्याचा जीवाश्मही कधीकधी पुढे सिलिकाचा होतो, म्हणून नुसत्या न फसफसण्याने तारामासा बाद होत नाही. मुख्य नमुन्यावर मात्र काहीही टाकायचं नाही.

दुसरं, शंख. शंखाचं टोक वर, तोंड तुमच्याकडे असं धरा. तोंड उजवीकडे उघडतं की डावीकडे? जितके असतील तितके मोजा.

तिसरं काम मावशींचं. त्यांना विचारा, भेंडी का म्हणालात. गंमत करत नाही.

गजाननभाऊ, तुमचा झिओलाइटचा अंदाज वाजवी होता. स्कोलेसाइट, स्टिलबाइट ही झिओलाइटं अशीच पसरतात. पण ते लाव्हाच्या पोकळीत, आणि त्यांना नेमके आठ भाग नि बाहेरून कडं नसतं. दगड झालेल्या लाकडाचं तुम्ही जे सांगितलंत, ते या धाग्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य आहे. टेका केलेला तुकडा अजून असेल तर चुलीतून काढा.

हर्णैचा वऱ्हाडी

मी मूळचा दारव्ह्याचा, आता कोकणात मासळीच्या कामात. तारामासा इथे जाळ्यात अडकून येतो, कोळी शिव्या घालून परत फेकतात. त्याला ‘मासा’ कोणी म्हटलं देव जाणे, कल्ला नाही, कणा नाही.

दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिलेल्या सांगतो. एक, मेलेला तारामासा टिकत नाही. मी एकदा पोरीला दाखवायला दोन-तीन आणून मागच्या टाकीत समुद्राच्या पाण्यात ठेवले, एक मेला आणि काढायचा राहून गेला. आठवड्यात त्याचे हात सुटून आले आणि तळाशी नुसती कणी उरली. सर म्हणतात त्या पट्टिका त्याच असाव्यात. म्हणजे अख्खा तारामासा दगडात यायचा तर तो जिवंतपणी किंवा मेल्या मेल्या गाळाखाली गाडला जायला हवा. बाईंच्या ढिगात चार-पाच खपल्यांत तीन चांदण्या, त्यातली एक तर शाबूत. नशीब फारच जोरावर म्हणायचं.

दुसरी गोष्ट, गोडं पाणी. तारामासा गोड्या पाण्यात टाकला की संपला. त्याची जलवाहिनी संस्था समुद्राच्या पाण्यावरच चालते. आणि हे फक्त तारामाशाचं नाही, अख्ख्या कंटकचर्मी संघात गोड्या पाण्यात राहणारी एकही जात नाही. सागरी साळिंदर म्हणा, सागरी काकडी म्हणा, सगळी मंडळी खाऱ्या पाण्याची. तेव्हा माझा प्रश्न सरांना: बाईंच्या विहिरीत समुद्र होता का?

खडूवाली

उशीर झाला, मधे मूल्यमापनाच्या नोंदी भरायच्या होत्या.

आम्ल टाकलं. पाच जणांनी वाकून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. मग खिळ्याने ओरखडा काढायला गेलो तर दगडावर खिळ्याचीच रेघ उमटली, दगडाला काही नाही. काचेच्या तुकड्यावर मात्र दगडाने ओरखडा काढला. पोरांना हे फार आवडलं, आता सगळे खिशात गारगोटी घेऊन फिरतात आणि वर्गाच्या खिडक्यांची मला धास्ती आहे.

शंख १९ सापडले, त्यातले १७ धरण्याजोगे. सतरापैकी सतरा डावीकडे उघडणारे. मी स्वतः दोनदा मोजले, मग पोरांना मोजायला लावले. एका पोरीने नदीवरून आणलेला साधा शंख शेजारी ठेवला, तो उजवा. वर्गात मिनिटभर चिडीचूप.

पट्टिका नाहीत. वर्गातल्या भिंगाने दिसतं ते असं: हात म्हणजे हात नाहीतच, पोकळ कप्पे आहेत, मधे पातळ पडदे. तपकिरी ठिपके कप्प्याच्या आतल्या बाजूला चिकटून. त्या अंगठीची जाडी सगळीकडे सारखी.

आणि मावशी. विचारल्यावर त्यांनी बोलण्याऐवजी विळीवर भेंडी आडवी चिरून माझ्या हातावर ठेवली. पाच कप्पे, प्रत्येकात बी, बाहेरून साल. मग दुसरी चकती, तिसरी. “जिथून चिरान तिथून चांदणी निंगते,” म्हणाल्या. मी तशीच वर्गात गेले आणि अर्धवट चांदणीची खपली काढली. ती आधीच कडेने तडकलेली होती, हलक्या हाताने उकललीच. आतल्या पृष्ठावर, अर्धा सेंटीमीटर खोल, तीच चांदणी. वर होती तीच. तारामासा असता तर एवढ्या खोलीवर त्याचा खालचा भाग आला असता, तोंड आलं असतं. इथे चकतीखाली चकती.

मग डबीतला तो सुपारीसारखा ठसा काढला. तीच वस्तू उभी चिरलेली. आत कप्प्यात एकाखाली एक बिया.

ज्याचं बोट कापलं होतं तो पोरगा म्हणाला, “म्हंजे मॅडम, आपला मासा फळ निंगाला?” चेहरा असा केला की मलाच वाईट वाटलं. पण मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला आणि तो मी जसाच्या तसा सरांना विचारते. फळ तर फळ, नवं असू शकते का?

कातळवाचक (नागपूर)

असू शकतं. आणि मावशींना माझा नमस्कार सांगा.

आधी हर्णैकरांचं उत्तर. ते डावे शंख म्हणजे फायसा. तलावातले, गोड्या पाण्यातले. या शंखांशी आपली ओळख जुनी आहे. स्टीफन हिस्लॉप नावाचा स्कॉटिश मिशनरी नागपुरात होता, त्याने आणि त्याचा सहकारी हंटर याने १८५५ मध्ये नागपूर परिसरातल्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लेख छापला, त्यात हे शंख आहेत. (हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात गेला. हिस्लॉप कॉलेजचं नाव सगळ्यांना ठाऊक, माणूस कमी जणांना.) तुमचा पांढरा थर म्हणजे लाव्हाच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंतच्या काळात साचलेला तलावाचा गाळ, मागाहून सिलिकाने घट्ट झालेला. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. बातमीतला आकडा ठीकच होता, बिघडलं पुढचं.

एक अडचण लपवत नाही. मध्य भारतात त्या काळी समुद्र अजिबात नव्हता, असं छातीठोक म्हणता येत नाही. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिल्मिलीला अशाच दोन लाव्हांमधल्या थरात समुद्री फोरामिनिफेरा (कवचवाले सूक्ष्म एकपेशी जीव) मिळाले आणि २००९ मध्ये त्यावरून समुद्राचा फाटा आत आल्याचा निष्कर्ष मांडला गेला. म्हणून नुसतं ‘विदर्भात समुद्र कुठला’ म्हणून मी तुमचा तारामासा मोडीत काढला नसता. तुमच्या थरात डावे शंख आहेत, लाकूड आहे, पट्टिका नाहीत आणि चकतीखाली चकती आहे. चारही साक्षी एकाच बाजूला. ज्यांना तारामाशाच्या भावकीतले जीवाश्म पाहायचेच आहेत त्यांनी नर्मदा खोऱ्यातलं बाघ, कच्छ किंवा तमिळनाडूतलं अरियालूर गाठावं, तिथल्या समुद्री थरांत कंटकचर्मी आहेत. चंद्रपूर-वणीकडच्या सिमेंटच्या जुन्या चुनखडीत मात्र शोधू नका, ती साचली तेव्हा प्राण्यांचा पत्ताच नव्हता.

आता फळ. सौंसरजवळच्या मोहगाव कलांला अशाच गारगोटीत अनेक कप्प्यांचं एक फळ सापडलं. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल सहानींनी १९४३ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, नाव एनिग्मोकार्पॉन परिजाय. पहिल्या शब्दाचा अर्थ कोड्यात टाकणारं फळ, दुसरा ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा यांच्यावरून. मेंदी, ताम्हण, धायटी, डाळिंब यांच्या कुळाजवळचं ते मानतात. पुढे नागपूरच्या व्ही. बी. शुक्लांनी १९४४ मध्ये तिथल्याच एका फुलाला सहानियांथस नाव दिलं आणि हे त्याच फळाचं फूल असावं अशी जोड दाखवली. एका झाडाची दोन नावं, कारण जीवाश्म वनस्पतीत पान, फूल, फळ, लाकूड बहुधा सुटं सुटंच मिळतं, आणि प्रत्येक भागाला वेगळं नाव द्यायची मुभा आहे.

तुमचं फळ तेच आहे असं मी फोटोवरून म्हणणार नाही. वर्धा जिल्ह्यातलं नवरगावही अशा फळांसाठी आणि लाकडांसाठी अभ्यासकांना परिचित आहे, तेव्हा उमेदवार अनेक. नवं की जुनं हे ठरवायचं तर कप्प्यांची संख्या किती नमुन्यांत सारखी येते, फळाच्या सालीत पेशींचे किती थर, बी कुठे नि कसं चिकटलंय, फळ उकलताना कप्प्याच्या मधोमध फाटतं की पडद्यावर, हे पाहावं लागेल. त्यासाठी दगडाचे कागदासारखे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. काप करायचा म्हणजे नमुना थोडा खर्च होणार, म्हणून ते काम घरी ग्राइंडरवर करायचं नाही. हे मुद्दाम लिहितो कारण लोक करतात.

आणि नियमांचं पुस्तकही आता बदललं. प्राण्यांची संहिता मिटा, वनस्पतींची उघडा. तिथे जीवाश्माच्या नव्या नावासोबत वर्णन तर लागतंच, चित्र किंवा फोटोही लागतो. गावाचं नाव लावायची सोय तिथेही आहे, पोरांना सांगा.

तोवर प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा. आत चिठ्ठी: तारीख, कोणाच्या हाताला लागला, ढिगात कुठे. विहिरीच्या मालकाला विचारून थराची खोली आणि जाडी नीट लिहून ठेवा, शक्य असेल तर विहिरीच्या भिंतीत दिसणाऱ्या थराचा फूटपट्टी धरून फोटो घ्या. वरून, दोर धरून, पोरांना आत उतरवायचं नाही. फेविकॉल, वार्निश, तेल काही लावू नका. मग नागपूरच्या विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग किंवा लखनौची बिरबल सहानी संस्था यांना फोटो पाठवून विचारा. नमुने विकत मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

गज्या क्रेनवाला

सर, चुल्ह्याचा टेका भेटला. त्या मजुराइन उलट विचारलं, आता चुल्ह्याले काय लावू. वीट देऊन आलो दोन. लाकडाच्या रेघा साफ दिसून रायल्या. बाईच्या शाळेत आणून देतो इतवारी.

खडूवाली

गजाननभाऊ, इतवारी नको, सोमवारी आणा, पोरांसमोर.

ट्रॅक्टरचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. काल सकाळी शाळेत पोचले तर ढीग अर्धा. मालक चांगला माणूस आहे, त्याला वाटलं आमचं पाहून झालं. बाकीचा थांबवला, त्यावर ताडपत्री टाकली आहे. सरपंचांना म्हटलं बोर्ड राहू द्या, ताडपत्रीचे पैसे द्या. दिले.

गेलेला अर्धा माल पांदण रस्त्याच्या पहिल्या दोनशे फुटांत पडलाय, अजून रोलर फिरलेला नाही. आज शेवटचे दोन तास सातवीचा वर्ग छत्र्या घेऊन तिथेच होता. चिखल पायाला ढेकळासारखा. सात खपल्या मिळाल्या. एकीवर नऊ कप्प्यांची चांदणी आहे, मी तीनदा मोजली. वहीत लिहिलंय: क्रमांक १२, पांदण रस्ता, मूळ जागा नक्की नाही. सर, अशा नमुन्याचा काही उपयोग असतो का?

कातळवाचक (नागपूर)

असतो. ‘मूळ जागा नक्की नाही’ हे लिहिलंत म्हणूनच असतो. नऊ कप्प्यांचा फोटो टाका, उजेड तिरका घ्या.